फिजिशियन

पत्र्याची पाटी, सहा बाय तीन.
रेड ऑक्साइडचे दोन हात, वर पांढरा.
डॉक्टर शैलजा हलगेकर, एम.डी.
मजकूर त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागं लिहून दिलेला,
नावाखाली एकच शब्द: फिजिशियन.

वर कन्नड, मोठं. खाली मराठी. शेवटी इंग्रजी.
कुठलं किती इंच, ते टेप न लावता सांगतो.
कन्नड माझं बोलायला बाजारापुरतं,
पण हाताला येतं. गोल फिरतो की ब्रश,
प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर ज्याची त्याची तलकट्ट.
आपल्या अक्षरांना सगळ्यांत मिळून एकच दोरी,
वाळत घातल्यासारखी.

विचारलं, "बाई, ह्याचं मराठीत काय लिहू? वैद्य?"
"नको हो, काढा मागायला येतील."
"कन्नडात तर वैद्यरु चालतंय की."
"चालतंय. पण ते सगळ्यांनाच वैद्यरु."
"मग डॉक्टर?"
"ते नावाआधी आहेच."
समोरचा झेरॉक्सवाला तिप्पण्णा मध्येच,
"फिजिक्स शिकवतो तो फिजिशियन, मला माहीत आहे."
"तो फिजिसिस्ट," बाई हसल्या.
"मूळ एकच म्हणतात. ग्रीकांचा शब्द, निसर्ग असा काहीतरी अर्थ.
अमेरिकेत कुठलाही डॉक्टर फिजिशियन.
आपल्याकडं, जो कापत नाही तो.
ताप, साखर, बीपी, छाती.
नाडी धरायची. विचारायचं. ऐकायचं.
परत ऐकायचं."

मी ब्रश रॉकेलमध्ये बुचकळला.
ऐकायचं म्हणे.

हे बाईंना सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.
अकरा वर्षं झाली.
नंदगडच्या दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली,
फिजिशियनला दाखवा, आजच.
बाबांचा डावा खांदा दुखत होता,
माघात घाम फुटत होता.
आणि मी, अक्षरांवर जेवणारा माणूस,
बेळगावात टिळकवाडीला उतरलो
तर समोर माझ्याच हातची पाटी, हिरव्यावर पिवळी:
फिजिओ,
पुढं वाचलंच नाही.
फि. जि. झालं की. खांदाच दुखतोय ना.

चिठ्ठी खिशातच राहिली. कशाला दाखवायची,
दारावर लिहिलेलंच होतं.
तीन दिवस शेक. तांबडा दिवा, ऊब,
बाबा म्हणायचे, बरं वाटतंय बघ.
येताना स्टँडवर रस घ्यायचे, बिनबर्फाचा,
ग्लास परत देताना धोतरानं पुसून द्यायचे.
चौथ्या दिवशीची बस आम्ही धरली नाही.

चूक कुठल्या अक्षराची म्हणू?
माझ्या दोन्ही वेलांट्या जागेवर होत्या.

तर ही पाटी.
फिजिशियन तीनदा, तीन लिप्यांत,
तिन्हीत तितकाच मुका.
तळाला चार बोटं जागा उरली होती.
उरली कसली, ठेवली होती.
टेलर बसलिंगप्पाकडून कागदावर लिहून घेतलं,
त्यानं दोनदा वाचून दाखवलं, एदी नोव, एदी नोव,
आणि स्वतःच छातीवर हात ठेवून बघितला.
ते उतरवलं. त्याच्या शेजारी,
नियमाला काय वाटायचं ते वाटो, तेवढ्याच उंचीत, तांबड्यात:
छातीत दुखतंय? खांद्यात? घाम येतोय?
आधी इथं या.

बाई बाहेर आल्या. चष्मा पुसून
वरून खालपर्यंत वाचलं,
मग खालची ओळ परत.
"हे मी दिलं नव्हतं."
"नव्हतं."
"ह्याचे किती झाले?"

मी शिडी मिटत होतो.
म्हटलं, ओलं आहे अजून,
संध्याकाळपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका.